वरचं म्हंजी कोणतं?

बिरू शिंगाडे कसा माणूस होता, असं कुणी विचारलं की मी आधी खेकसते. होता कशाला? आहे की! टक्कल पडलंय, चष्मा लागलाय, पण चांगला धडधाकट आहे. नकाशे काढायचा त्याचा प्रोग्राम आजही शहरातल्या बऱ्याच कारखान्यांत चालतो. लोकांना वाटतं हा मोठा हुशार, म्हणून जमलं. हुशार तर आहेच, पण हुशार पुष्कळ बघितलेत मी. चूक झाली की पहिली दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. बिरूचं सांगायचं म्हणजे मला एका शुक्रवारचं सांगावं लागतं. त्यात माझंही माप निघतं. निघू द्या.

मी आशाबाई. बिडकीनची, शेतकऱ्याची लेक. आयटीआयला ड्राफ्ट्समनचं शिक्षण घेतलं आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नानासाहेबांच्या कारखान्यात लागले. तिथं विजेचे पॅनल बनायचे आणि कुठला स्विच कशाला जोडलाय याचे नकाशे मी काढायची. पंधरा वर्षं बोर्डावर काढले, टी-स्क्वेअर आणि पेन्सिलीनं. आमचे मालकही तिथंच वायरमन. नाव घ्यायचं तर सांडू. त्या शुक्रवारपर्यंत लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि वीज हाताळायचा त्यांचा अनुभव लग्नाहून जुना.

बिरू आला दोन हजार तीन साली. वैजापूरकडचा, धनगराचा. वडील मेंढरं घेऊन आठ महिने वाटेवर, म्हणून आई बानाबाईनं त्याला मामाकडं ठेवून शाळेत घातलं. त्यानं विजेचा डिप्लोमा केला, आणि कॉम्प्युटर कुणाच्या तरी सेंटरवर बसून आपलं आपण शिकला. नानासाहेबांच्या डोक्यात आलं, परदेशी प्रोग्राम कशाला घ्यायचा, आपल्या नकाशांचा आपणच करू. काम बिरूवर आलं. कारखान्यातली माणसं म्हणायची, ‘मेंढरं हाकायची सोडून आता माऊस हाकतंय.’ मीही हसायची, खोटं कशाला बोलू. त्याला ऐकू जायचं. तो मान वर करायचा नाही.

त्यानं पडद्यावर स्विच, मोटारी, मीटर यांची चिन्हं मांडून दिली आणि ती जोडायला रेघा दिल्या. दिसायला झकास. पण काम करायला बसले की डोक्याला ताप! रेघेवर माऊस नेऊन टिचकी मारावी तर ती रेघ काही उचलली जायची नाही. पाच वेळा मारावी तेव्हा एकदा लागायची. एकदा तर मी स्विचचं चिन्ह ओढत ओढत प्रोग्रामच्या चौकटीबाहेर नेलं, तिथं बटण सोडलं, आणि परत आत आले तर चिन्ह माऊसला चिकटलेलं. जाईन तिथं माझ्या मागं. बटण बाहेर सुटलं हे प्रोग्रामला कळलंच नव्हतं म्हणे.

“बिरू, हे तुझं काम हाय का चेटूक?” मी ओरडले. “माझ्या पेन्सिलीनं असा कधी पाठलाग केला नाय माझा!”

“बघतो, आक्का,” एवढंच म्हणाला. मला तो आक्काच म्हणायचा, पहिल्या दिवसापासनं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर बारीक लाल ठिपके उमटायला लागले. माऊस जिथं जिथं जाईल तिथं ठिपका, आणि टिचकी मारली की जरा मोठा. सगळं वेळेसकट नोंदलं जात होतं. मी भडकलेच. “माझ्यावर पाळत ठेवतोस व्हय रे?”

“तुमच्यावर नाय आक्का. तुमच्या हातावर.”

आठ दिवस त्यानं माझ्या हाताची चाल बघितली. मग मला बोलावून ते ठिपके दाखवले. “हे बघा. तुमी रेघेवर टिचकी मारतच नाय. कायम रेघेच्या चार ठिपके खाली मारता. पडदा ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ना, त्ये.”

मी बघितलं, खरंच होतं. पंधरा वर्षं बोर्डावर काम करताना पेन्सिलीचं टोक रेघेच्या जरा खाली धरायची सवय, म्हणजे रेघ हाताखाली झाकत नाही. तोच हात माऊसवर आला होता. मला स्वतःला ठाऊक नव्हतं, आणि या माणसाला आठ दिवसांत कळलं. दुसरा असता तर म्हणाला असता, बाई, हात सुधारा. यानं प्रोग्राम सुधारला. प्रत्येक रेघेच्या, प्रत्येक चिन्हाच्या चारी अंगाला सहा ठिपक्यांची न दिसणारी पट्टी ठेवली. तिथं कुठंही टिचकी पडली तरी ते उचललं जायचं. त्या दिवसापासनं माझं काम लोण्यासारखं चाललं.

मग त्यानं एक विचारलं. मी तेव्हा घाईत होते, मोठा नकाशा संपवायचा होता. “आक्का, दोन चिन्हं जवळजवळ असली, अन् टिचकी दोघांच्या पट्टीत पडली, तर कोणतं उचलू?”

“वरचं उचल की रे! एवढं काय इचारतो?”

“वरचंच ना?”

“वरचंच!”

त्यानं तसं केलं. मला वाटलं, झालं. मी दोन महिन्यांत ते विसरूनही गेले.

आता शुक्रवारचं सांगते. दोन हजार सहा सालचा मे महिना. बिडकीनच्या अलीकडं एक पुठ्ठ्याचा कारखाना होता, त्याची शुक्रवारी सुट्टी. त्या सुट्टीत आमच्या मालकांनी तिथं जाऊन तांब्याच्या पट्ट्यांचा एक जळका सांधा बदलायचा होता. नीट ऐका, म्हणजे पुढचं समजेल. त्या कारखान्याची लाईट गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमधून आत येई. शेडमध्ये तीन नंबरचा स्विच. तिथून भिंतीला धरून तांब्याच्या उघड्या पट्ट्या, वर पत्र्याचं झाकण, दोनशे फूट आत मशिनींच्या हॉलपर्यंत. हॉलमध्ये चार नंबरचा स्विच, आणि त्याच्या पुढं मशिनी. सांधा होता मधल्या पट्ट्यांवर. म्हणजे बंद करायचा तीन नंबर. चार नंबर बंद केला तर मशिनी बंद पडतात, मीटर शून्यावर येतं, सगळं मेल्यासारखं दिसतं, आणि पट्ट्या मात्र जिवंतच राहतात. चारशे चाळीसचा करंट. हात लावला की संपलं.

कोणता स्विच बंद ठेवायचा याची चिठ्ठी बिरूच्याच प्रोग्राममधून निघायची. नकाशातल्या स्विचवर टिचकी मारायची, छापा म्हणायचं, की चिठ्ठी बाहेर. तिकडचा माणूस चिठ्ठीतला नंबर बघून स्विच पाडणार, त्याला कुलूप लावणार, मग वायरमननं काम करायचं. साडेआठला मालक दारात उभे, खांद्याला पिशवी, बाहेर टेम्पो हॉर्न मारतोय. मी तो नकाशा उघडला. सगळा कारखाना एकदम दिसावा म्हणून बारीक केला, तीन नंबरवर टिचकी मारली, चिठ्ठी छापली आणि न वाचता घडी घालून त्यांच्या हातात दिली. न वाचता! बावीस वर्षांत मी त्यांना डबा देतानाही झाकण उघडून बघत आलेय.

साडेदहाच्या सुमाराला मला त्याच नकाशात तीन नंबरच्या चिन्हापुढं एक शब्द लिहायचा होता. टिचकी मारली. उजवीकडच्या चौकटीत आलं, ‘स्विच ४’. म्हटलं, हात हलला असेल. परत मारली. स्विच ४. नकाशा मोठा करून मारली, स्विच ३. बारीक केला, परत स्विच ४. 

“बिरू! आरं बिरू, इकडं ये आधी!”

तो आला, माझ्या खुर्चीमागं उभा राहून एकदा बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“सहा ठिपक्यांची पट्टी,” तो म्हणाला. “ती पडद्यावरच्या ठिपक्यांत हाय, आक्का. नकाशा बारीक केला की दोन स्विच जवळ येत्यात, पट्टी मात्र तेवढीच राहती. तुमी तीनच्या खाली टिचकी मारली, ती दोघांच्याबी पट्टीत पडली.”

“मग वरचं उचलायचं ना! मी सांगितलं व्हतं ना तुला, वरचं उचल म्हणून?”

“वरचंच उचलतोय. शेवटी काढलेलं. कागदावर कागद ठिवला की वरचा असतो तो. चार नंबर तुमी मागल्या महिन्यात काढला, तीनच्या नंतर.”

“वरचं म्हंजी जिकडून लाईट येती ते, मूर्खा!” मी किंचाळले. “वायरमनला विचार की, वरचा स्विच कोणता म्हणतात ते!”

 शब्द एकच, मी एक समजले, तो दुसरा. तो डिप्लोमावाला, त्यानं दोनदा विचारलं होतं. मी दोनदा तोंड वर करून सांगितलं होतं, वरचंच. नकाशात करंगळीएवढं अंतर, आणि जागेवर दोनशे फूट.

“आता दाजी...” तो म्हणाला आणि थांबला.

“आरं, सकाळी कदाचित बरोबर लागला असंल,” मी म्हणले. “सकाळी कदाचित जरा वर मारली असंल मी.” माणूस काय काय आशा धरतं.

“बघूया.” त्यानं माझ्या हातचा माऊस घेतला. ते लाल ठिपके त्यानं कधी बंदच केले नव्हते, फक्त दिसेनासे केले होते. सकाळचे आठ बत्तीस काढले आणि चालू केलं. पडद्यावर माझ्याच हाताचा ठिपका फिरायला लागला. वरून आला, डावीकडं गेला, घाईत जरा पुढं सरकला, परत मागं आला. तीनच्या जवळ थांबला. मी मनात म्हणतेय, वर जा, जरासा वर जा गं बाई. नाही गेला. तीनच्या चार ठिपके खाली, नेहमीसारखा. टिचकी पडली. बाजूला अक्षरं आली, ‘स्विच ४. चिठ्ठी छापली’.

मला ब्रह्मांड आठवलं. 

आमच्या मालकांचा मोबाईल होता, पण त्या कारखान्यात गेटवरच जमा करून घ्यायचे. बिरूनं कारखान्याचा फोन लावला. घंटी वाजत राहिली, सुट्टीच्या दिवशी ऑफिसात कोण असणार! नानासाहेब केबिनमधून आले. त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, “मी फोन लावत बसतो, तुम्ही निघा.” एवढं चांगलं केलं त्यांनी, ते नाकारत नाही.

काम अकराला सुरू होणार होतं. घड्याळात दहा चाळीस. बिरूच्या मोटारसायकलवर मागं बसले, पदर कमरेला खोचला. चिकलठाण्यातून मुकुंदवाडी, तिथून बीड बायपास. मी त्याला शिव्या देत होते, सगळ्या रस्त्यानं. “धनगरा, तुला मेंढरंच राखायला पायजे व्हती! माझ्या कपाळाचं कुंकू पुसायला निघालास!” असलं काय काय. आता आठवलं तरी लाज वाटते. तो एका शब्दानं उलटला नाही. महानुभाव आश्रमाच्या चौकात ट्रक आडवा लागला. यानं गाडी फुटपाथवरून घातली. पैठण रोडला लागलो. कांचनवाडी, नक्षत्रवाडी मागं पडली. ऊन असं की डांबर वर येत होतं. चितेगावच्या अलीकडं पाईपलाईनसाठी रस्ता खणलेला, एकाच बाजूनं वाहनं सोडत होते. रांगेत टेम्पो, जीप, कडब्याची ट्रॅक्टर-ट्रॉली. तो माणूस लाल फडकं धरून उभा.

“भाऊ, सोड रे, माणूस मरतंय!” मी ओरडले.

“समद्यांचंच कोनी ना कोनी मरतंय, मावशी,” तो म्हणाला. मी त्याला चपलेनं मारला असता. पण बिरूनं गाडी वळवली, खणलेल्या मातीच्या कडेनं घातली. दोनदा घसरलो. मला वाटलं आम्हीच आधी पोचतोय यमाकडं.

मग एकाएकी मीच गप्प झाले. शिव्या संपल्या. फक्त म्हणत होते, “पोचू ना रे? बिरू, पोचू ना?” आणि तो म्हणत होता, “पोचू आक्का.” एवढंच, दहा वेळा विचारलं तरी तेवढंच.

गेटवर पोचलो तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. गेटवाला सावलीत बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता.

“सांडू वायरमन कुठाय?”

“हॉलमधी, शिडीवर. काम चालूय की मघापासनं.”

काम चालू आहे म्हणजे जिवंत आहेत का? मघापासून म्हणजे कसं? मला काही कळेना. बिरूनं गाडी तशीच टाकली. “आक्का, तुमी हॉलमधी जा. हात काढायला सांगा. म्या शेडकडं जातो.” आणि पळाला.

मी हॉलमध्ये शिरले. आत अंधारल्यासारखं. भिंतीला शिडी लावलेली, बारा-चौदा फुटांवर आमचे मालक. पट्ट्यांवरचं झाकण उघडलेलं, आणि दोन्ही हात आत. उघडे हात, तांब्यावर. मोजेसुद्धा काढून शिडीच्या पायरीला अडकवलेले, बोल्ट बारीक असला की ते तसंच करायचे. मी बघत राहिले. हा माणूस जिवंत पट्टी धरून उभा आहे आणि काही होत नाही, असं कसं?

शिडीखाली त्या कारखान्याचा पुंजाराम शिडी धरून उभा होता. मी दबक्या आवाजात विचारलं, “कोणता स्विच पाडला?”

“चार. चिठ्ठीवर लिव्हलंय ना.” त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. चार नंबर खाली पडलेला, त्याला कुलूप. “अन् लाईटबी गेलीया बाई, पावणेअकरापासनं. समद्या शिवाराची. बरंच झालं, डबल सेफ.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे जिवंत होते ते फक्त लाईट गेली म्हणून. आणि गेलेली लाईट येते. कधी येईल ते कुणाला सांगून येत नाही. आत्ता येईल. मी हे वाक्य बोलेपर्यंत येईल.

मोठ्यानं ओरडावं तर दचकून तोल जाईल. मी शिडीला हात लावून म्हणले, “अहो.”

त्यांनी खाली बघितलं. “तू? हितं कशाला आली? पोरगी बरी हाय ना?”

“बरी हाय. तुमी हात काढा.”

“आलो, येवढा बोल्ट आवळतो.”

“बोल्ट राहू द्या. हात काढा अहो.”

“दोन पेच राह्यले गं.” आणि उजव्या हातानं पाना फिरवायला लागले. डावा हात पट्टीवर घट्ट. हा माणूस आयुष्यात कधी अर्धं काम सोडून उठला नाही, जेवणाचं ताट वाढलेलं असलं तरी.

“अहो, चिठ्ठी चुकलीय! हात काढा!”

त्यांचा पाना थांबला. “काय चुकलीय?” म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि तेवढ्यात हॉलच्या दारावरचा बल्ब पेटला.

लाईट आली होती. त्यांचा डावा हात अजून पट्टीवर होता. मी किंचाळले. कशी किंचाळले ते मला आठवत नाही, पुंजाराम सांगतो की गेटपर्यंत गेलं. मी डोळे मिटून घेतले, कानावर हात ठेवले, आणि वाट बघत राहिले की आता धाडकन पडतील.

पडले नाहीत. डोळे उघडले तर ते शिडीवर तसेच उभे, हात आता छातीशी घेतलेले, बल्बकडं बघतायत. पट्टीत करंट नव्हता. दिव्यांची लाईन वेगळी होती. पट्ट्यांची लाईन बिरूनं पाडली होती.

मी शेडकडं पळाले. शेडला कुलूप होतं आणि किल्ली पुंजारामकडं. गेटवाला तोंडाचा आ करून उभा होता. म्हणाला, “त्यानं दगुड घेतला अन् कडीच उचकटली, बाई. म्या अडवाया गेलो तर मला ढकललं.” आत बिरू तीन नंबरच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा धरून उभा होता. दांडा पूर्ण खाली. हाताची सालटी निघालेली, रक्त कोपरापर्यंत आलेलं.

“बिरू, झालं. खाली आले ते. सोड आता.”

“कुलूप आना आधी.”

“आरं, पडलाय स्विच, तो काय आपल्या आपण वर जातोय का?”

“कुलूप आना, आक्का.”

पुंजारामनं कुलूप आणून लावलं, किल्ली त्याच्या हातात दिली, तेव्हा कुठं त्यानं दांडा सोडला. मग तिथंच जमिनीवर बसला. ज्याला मी वाटभर शिव्या घातल्या होत्या त्याच्या पाठीवरून मी हात फिरवला.

पुंजाराम म्हणाला, “काळ आला हुता, पर येळ आली नव्हती.” मला अशी चीड आली! वेळ काय आपोआप टळली होती? एक माणूस दगड घेऊन पळाला म्हणून टळली.  

नानासाहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, बाहेर कुणाला बोलू नका. प्रोग्राम तोवर सात कारखान्यांत गेला होता. बिरूनं त्यांच्यासमोर बसूनच सातही ठिकाणी फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं, “माझ्याकडून चूक झालीय, चिठ्ठी छापू नका, मी येतो.” ‘आमच्याकडून’ म्हणाला नाही, ‘प्रोग्राममध्ये’ म्हणाला नाही. माझं नाव तर घेतलंच नाही. नानासाहेब महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हते. नोकरी जायची वेळ आली होती त्याची.

त्यानं दुरुस्ती केली ती अशी. टिचकी दोन चिन्हांच्या पट्टीत पडली की प्रोग्राम आता स्वतः काही ठरवतच नाही. दोघांची नावं दाखवतो आणि विचारतो, कोणतं? लोक वैतागले. म्हणाले, काय सारखं कोणतं कोणतं विचारत बसतो. बिरू म्हणायचा, विचारू द्या.

आणि एक वही केली त्यानं. त्या शुक्रवारची मिनिटामिनिटाची नोंद. आठ बत्तीसला टिचकी, आठ चाळीसला टेम्पो निघाला, दहा पंचेचाळीसला लाईट गेली, पुंजारामनं चार नंबर कधी पाडला, सगळं. कुणाची चूक कुठं झाली ते त्याला स्वतःला कळायला पाहिजे होतं. त्यात एक ओळ रिकामी होती. दाजींनी हात लावायच्या आधी टेस्टर लावला होता का? कारण पावणेअकरापर्यंत लाईट होती. त्याच्या आधी त्यांनी टेस्टर लावला असता तर दिवा पेटला असता आणि तिथंच सगळं कळलं असतं. नाहीतर लाईट गेल्यावर लावला असेल, मग पेटला नसेल. बिरूनं त्यांना कारखान्यात तीनदा विचारलं. ते उडवून लावायचे. मी तर विचारलंच नव्हतं. का, ते तेव्हा माझं मलाही कळत नव्हतं.

पुढल्या आठवड्यातल्या रविवारी तो आमच्या मुकुंदवाडीच्या घरी आला. हाताला पट्टी, काखेत वही. मी पोहे दिले, त्यानं खाल्ले, आणि बशी खाली ठेवून म्हणाला, “दाजी, येकच इचारतो. टेस्टर लावला व्हता का?”

मालकांनी आपली बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “पंचवीस वर्सं झाली या धंद्यात. कुनाच्याबी शब्दावर इसंबून हात लावला नाय कंदी. नानासायबानं सांगितलं तरी टेस्टर लावतो. माझ्या बापानं सांगितलं असतं तरी लावला असता.”

“मग त्या दिशी?”

“अकराची वाट न बघता साडेधालाच शिडीवर चढलो, झाकण काढाया लागलो. लाईट व्हती तवा. टेस्टर खिशात व्हता.” ते बिरूशी बोलत होते, पण बघत होते माझ्याकडं. “नाय लावला. चिठ्ठी हिच्या हातची व्हती.”

 झाकणाचे पेच त्या दिवशी लाईट जायच्या आधीच निघाले असते तर? एवढाच हिशेब माझ्या डोक्यात फिरत राहिला. बिरूनं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटायला लागला.

“मिटतो कशाला?” मी म्हणले.  “लिही की. ओळ रिकामी हाय ना तुझी? बायकोच्या हातची चिठ्ठी म्हणून टेस्टर लावला नाय, असं लिही.”

“राहू द्या, आक्का.”

“लिही म्हणते ना!”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. पेनाचं टोपण काढलं, आणि मी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं.